ब्रुकलिनने प्रार्थना केली, बाल्टिमोरने हुर्यो उडवली

तर मंडळी, आज विषय थोडा लांबचा आहे. अमेरिकेतला, आणि तोही बेसबॉलचा. शाळेच्या क्रीडा स्पर्धांत सॉफ्टबॉल खेळलेली पोरं सोडली तर आपल्याकडे या खेळाशी कुणाचा फारसा संबंध येत नाही, हे मला माहीत आहे. पण एखादा मोठा फटकेबाज अचानक फटके मारायचा थांबला की लोक त्याच्याशी कसं वागतात, हा विषय काही लांबचा नाही. विराट कोहलीचं एक शतक नोव्हेंबर २०१९ मध्ये झालं आणि पुढचं थेट सप्टेंबर २०२२ मध्ये. मधल्या काळात आपल्या चौकातल्या टपऱ्यांवर किती कोच तयार झाले होते, आठवा. कुणी म्हणे ऑफ स्टंपबाहेरचा चेंडू सोड, कुणी म्हणे सुट्टी घे, कुणी म्हणे याचं वय झालं. अमेरिकेत हाच प्रकार शंभर वर्षांपासून चालू आहे. त्याचा इतिहास वाचण्यासारखा आहे आणि त्यातून आपल्यालाही थोडं शिकण्यासारखं आहे. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

आधी खेळातल्या दोन गोष्टी, म्हणजे पुढचं समजेल.

बेसबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्याला पिचर म्हणतात. चेंडू टप्पा न पडता थेट अंगावर येतो. फलंदाज चेंडू असा मारतो की तो सुखरूप पहिल्या बेसवर पोचतो, त्याला 'हिट' म्हणायचं. चेंडू थेट कुंपणापार गेला की 'होम रन'. किती संधींत किती हिट, हा हिशोब म्हणजे त्याची सरासरी. दहा संधींत तीन हिट, म्हणजे .३०० सरासरी असली की माणूस उत्तम समजला जातो. म्हणजे उत्तम खेळाडूसुद्धा दहातून सात वेळा अपयशी ठरतो. सरासरी .२०० च्या खाली गेली की लोक म्हणतात, हा 'मेंडोझा रेषे'खाली गेला. मारिओ मेंडोझा नावाचा मेक्सिकोचा एक खेळाडू होता. क्षेत्ररक्षण छान, पण बॅटिंग बेताची. बिचाऱ्याचं नाव कायमचं अपयशाच्या मापाला चिकटलं. गंमत म्हणजे त्याची स्वतःची कारकिर्दीतली सरासरी .२१५ आहे. म्हणजे त्याच्या नावाच्या रेषेच्या तो वरच आहे. लोकांनी एकदा शिक्का मारला की हिशोब कोण तपासतो?

आता 'स्लगर' म्हणजे काय? हा एक-एक धाव चोरणारा खेळाडू नव्हे. पूर्ण ताकदीने बॅट फिरवायची, लागली तर कुंपणापार, नाहीतर चुकली, असा त्याचा कारभार. पब्लिक तिकीट काढतं ते याच्यासाठी. आणि हा पडला की सगळ्यात जास्त बोंब याच्याच नावाने होते.

या जातीचा पहिला मोठा माणूस बेब रूथ. न्यूयॉर्क यांकीज संघाचा. १९२५ साली तो ३० वर्षांचा होता. हंगाम सुरू होण्याआधी एप्रिलमध्ये प्रवासात कोसळला, न्यूयॉर्कला नेऊन त्याचं ऑपरेशन करावं लागलं. वर्तमानपत्रांनी छापलं की याने हॉट डॉग आणि सोडा पोटात इतका कोंबला की पोट फुटायची वेळ आली. जून उजाडल्यावर तो मैदानात परतला, पण रंग नव्हता. रात्रीची भटकंती चालूच होती. शेवटी व्यवस्थापक मिलर हगिन्स यांनी त्याला निलंबित करून ५,००० डॉलर दंड ठोकला. त्या काळात ही रक्कम म्हणजे डोळे पांढरे व्हावेत अशी. हंगामाअखेर त्याच्या नावावर फक्त २५ होम रन आणि यांकीज सातव्या नंबरवर. लोकांनी निकाल लावून टाकला की रूथ संपला.

त्या हिवाळ्यात रूथ न्यूयॉर्कमध्ये आर्टी मॅकगव्हर्न या तालीमवाल्याकडे गेला आणि अंग उतरवलं. पुढच्या वर्षी ४७ होम रन, सरासरी .३७२. त्याच्या पुढच्या वर्षी, १९२७ साली, ६० होम रन. हा आकडा पुढे ३४ वर्षं टिकला.

आता हाच माणूस १९३५ मध्ये बघा. वय ४०, बोस्टन ब्रेव्ह्जकडे गेलेला. त्या वर्षी सरासरी .१८१. मे महिन्याच्या २५ तारखेला पिट्सबर्गमध्ये त्याने एकाच सामन्यात तीन होम रन मारले. पाहणाऱ्यांना वाटलं असेल, १९२६ पुन्हा आलं. पण आठवडाभरात त्याने खेळ सोडला. त्या तिनानंतर त्याच्या बॅटमधून एकही होम रन निघाला नाही.

या दोन वर्षांमध्ये सगळ्या विषयाचं सार आहे. १९२५ चा रूथ घसरला होता, १९३५ चा रूथ संपला होता. एक म्हणजे आजारपण आणि दुसरं म्हणजे म्हातारपण. आजारपणाला औषध असतं. म्हातारपणाला नसतं. पण स्टँडमधून बघणाऱ्याला दोन्हीकडे एकच दिसतं, की बॅट फिरली आणि चेंडू लागला नाही. म्हणून दोन्ही वेळा लोक एकच औषध सांगतात आणि ते चाललं नाही की एकच शिवी देतात.

दुसरी गोष्ट ब्रुकलिनची. ही माझी आवडती.

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात तेव्हा डॉजर्स नावाचा संघ होता. त्यांचा पहिल्या बेसवरचा खेळाडू गिल हॉजेस. धिप्पाड, अबोल, सरळमार्गी गडी. १९५२ च्या हंगामात त्याने ३२ होम रन मारले होते. मग वर्ल्ड सिरीजची फायनल आली, समोर यांकीज. सात सामने झाले. हॉजेसच्या २१ संधी आणि हिट शून्य. भोपळा! डॉजर्स सातवा सामना हरले, मालिका गेली.

आपल्याकडे असं झालं असतं तर काय झालं असतं, याचा अंदाज तुम्हाला आहे. ब्रुकलिनमध्ये उलटं झालं. लोकांनी त्याला पत्रं लिहिली. कुणी जपमाळ पाठवली, कुणी बॅटिंगचा सल्ला पाठवला. हॉजेसची बायको ब्रुकलिनचीच, त्याचं घरही तिथेच. किराण्याच्या दुकानात, चर्चमध्ये तो सगळ्यांना दिसायचा. पुढच्या १९५३ च्या हंगामातही सुरुवात वाईटच झाली. मे महिन्यात सरासरी .२०० च्या खाली आणि व्यवस्थापक चार्ली ड्रेसन यांनी त्याला बाहेर बसवलं. त्याच सुमारास एका रविवारी ब्रुकलिनमधल्या सेंट फ्रान्सिस चर्चचे फादर हर्बर्ट रेडमंड उपासनेला उभे राहिले आणि म्हणाले की आज प्रवचनासाठी फार उकडतंय. घरी जा, धर्माने सांगितलंय तसं वागा आणि गिल हॉजेससाठी एक प्रार्थना करा. संपलं प्रवचन.

ही हकीकत अमेरिकेत आजही सांगितली जाते. सांगताना लोक म्हणतात, प्रार्थना फळाला आली. कारण हॉजेस खरंच सावरला. १९५३ संपताना त्याची सरासरी .३०२, होम रन ३१. आणि त्या वर्षीच्या वर्ल्ड सिरीजमध्ये, पुन्हा त्याच यांकीजसमोर, .३६४.

श्रद्धेबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण गोष्टीचा दुसरा भाग लोक कमी सांगतात. ड्रेसननी हॉजेसच्या बॅटिंगचं चित्रीकरण करून घेतलं होतं. ती फिल्म त्याला दाखवली. त्यात दिसलं की चेंडू येताना त्याचा पुढचा पाय सरळ पिचरकडे न पडता तिसऱ्या बेसच्या बाजूला सरकतोय. पाय बाहेर गेला की अंग बाहेर जातं आणि बाहेरच्या बाजूचा चेंडू हाताला लागत नाही. क्रिकेटमध्ये फास्ट बोलरला घाबरून लेग साइडला पाय काढणारा बॅट्समन आठवा, तसंच. मग उभं राहण्याची ढब बदलली.

म्हणजे बघा, फिल्ममध्ये दिसलेला एक दोष, त्यावर एक उपाय, आणि तो करायला दिलेला वेळ. प्रार्थनेने काय केलं? माझ्या मते प्रार्थनेने तो वेळ मिळवून दिला. घरच्या मैदानावर हुर्यो उडत असती तर पायाकडे लक्ष द्यायला त्या माणसाचं डोकं शिल्लक राहिलं असतं का? दोन्ही गोष्टी लागल्या. नुसती प्रार्थना पुरली नसती आणि नुसती फिल्मही पुरली नसती.

हॉजेस पुढे न्यूयॉर्क मेट्स संघाचा व्यवस्थापक झाला आणि १९६९ मध्ये त्याने तो संघ वर्ल्ड सिरीज जिंकून दाखवला. १९७२ साली गेला. हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव लागायला मात्र २०२२ उजाडलं.

आता यापुढची गोष्ट समजायला मध्ये एक टप्पा सांगायला हवा, तो पैशाचा. हॉजेसच्या काळात खेळाडू क्लबच्या दावणीला बांधलेला असायचा. करार संपला तरी क्लबची मर्जी असेपर्यंत दुसरीकडे जायची सोय नव्हती. डिसेंबर १९७५ मध्ये पीटर सीट्झ या लवादाने निकाल दिला आणि ही दावण तुटली. खेळाडू मोकळे झाले, बोली लागू लागली. ते न्यायाचंच होतं. ज्याच्यामुळे तिकिटं विकली जातात त्याला त्याचा वाटा मिळायलाच हवा. पण त्याबरोबर प्रेक्षकाची नजरही बदलली. आधी तो आपल्या गल्लीतला गिल होता. आता तो 'इतके कोटी घेणारा' झाला.

आणि आता ख्रिस डेव्हिस.

बाल्टिमोर हे वॉशिंग्टनच्या शेजारचं जुनं बंदराचं शहर. त्यांचा संघ ओरिओल्स. २०११ साली टेक्सासकडून अदलाबदलीत डेव्हिस तिथे आला. हाही पहिल्या बेसवरचा, हाही धिप्पाड, फक्त डावखुरा. २०१२ चा एक सामना सांगतो. ६ मे, बोस्टनचं फेनवे पार्क. सामना लांबत लांबत १७ डावांपर्यंत गेला. ओरिओल्सचे पिचर संपले. त्या दिवशी डेव्हिसला बॅटिंगमध्ये आठ संधींत एकही हिट मिळाला नव्हता. शेवटी त्यालाच चेंडू दिला आणि या फलंदाजाने दोन डाव एकही धाव न देता टाकले. ओरिओल्स जिंकले आणि विजयी पिचर म्हणून नोंद झाली डेव्हिसची! बाल्टिमोर त्याच्या प्रेमात पडलं ते असं.

२०१३ मध्ये त्याने ५३ होम रन मारले. त्या वर्षी अख्ख्या अमेरिकेत सगळ्यात जास्त. सरासरी .२८६. ब्रेडी अँडरसनचा १९९६ चा ५० होम रनचा क्लबचा विक्रम मोडला. लोक त्याला 'क्रश' म्हणायचे.

२०१४ मध्ये सरासरी घसरली .१९६ वर. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अ‍ॅडरॉल या औषधासाठी २५ सामन्यांची बंदी आली. चित्त एका जागी न राहण्याच्या विकारावर हे औषध देतात. त्याला आधी त्याची परवानगी होती, त्या वर्षी नव्हती. लोक म्हणाले, झालं, संपला. तर २०१५ मध्ये पठ्ठ्याने ४७ होम रन मारले आणि पुन्हा देशात पहिला.

इथे खरी गोम आहे. एकदा पडून उठलेला माणूस पुन्हा पडला की सगळ्यांना वाटतं, हा पुन्हा उठेल. त्याला स्वतःलाही तसंच वाटतं.

जानेवारी २०१६ मध्ये ओरिओल्सने त्याच्याशी सात वर्षांचा करार केला. १६ कोटी १० लाख डॉलर, क्लबच्या इतिहासातला सगळ्यात मोठा करार. मालक पीटर अँजेलोस यांनी यात स्वतः लक्ष घातलं होतं. यातले ४ कोटी २० लाख डॉलर करार संपल्यावर २०३७ पर्यंत हप्त्याहप्त्याने द्यायचे ठरले. डेव्हिस तेव्हा तिशीला टेकला होता. म्हणजे करार संपताना तो ३६ चा. फटकेबाजांची ताकद तिशी ओलांडल्यावर उताराला लागते, हे बेसबॉलमधलं शेंबडं पोरही सांगेल. तरी सही झाली.

मग उतार सुरू झाला. २०१६ मध्ये ३८ होम रन, पण सरासरी .२२१ आणि २१९ वेळा स्ट्राइक आऊट, म्हणजे चेंडूला बॅट नीट न लावताच बाद. २०१७ मध्ये .२१५. आणि २०१८ मध्ये ४७० संधींत फक्त ७९ हिट. सरासरी .१६८. पूर्ण हंगाम खेळलेल्या फलंदाजाची इतकी कमी सरासरी मोठ्या लीगच्या आधुनिक इतिहासात कधीच झाली नव्हती. आधीचा नीचांक .१७९ होता, १९९१ मध्ये रॉब डीअरचा आणि २०१३ मध्ये डॅन उगलाचा. संघही बुडालेलाच होता. १६२ सामन्यांत ११५ हार.

आता लोकांचे उपाय ऐका. बाल्टिमोरच्या बारमध्ये, रेडिओवर, घराघरात तीन वर्षं हीच चर्चा होती.

पहिला उपाय होता, हलका टोला मार. डेव्हिस डावखुरा, त्याचे फटके बहुतेक उजव्या बाजूला जायचे. म्हणून समोरचा संघ आपले तीन क्षेत्ररक्षक उजवीकडे उभे करायचा आणि डावी बाजू जवळजवळ मोकळी सोडायचा. याला 'शिफ्ट' म्हणतात. लोक म्हणायचे, अरे तिकडे अख्खं मैदान रिकामं पडलंय, हळूच ढकल ना चेंडू तिकडे! ऐकायला बरोबर वाटतं. पण ही युक्ती जुनी आहे. जुलै १९४६ मध्ये क्लीव्हलंडच्या लू बुड्रोने टेड विल्यम्सविरुद्ध अशीच मांडणी केली होती. विल्यम्स म्हणजे बेसबॉलच्या इतिहासातल्या सर्वोत्तम फलंदाजांपैकी एक. तोही हट्टाने उजवीकडेच मारत राहिला आणि त्या वर्षीच्या वर्ल्ड सिरीजमध्ये त्याची सरासरी झाली .२००. ताशी दीडशे किलोमीटरच्या वेगाने अंगाजवळ येणारा चेंडू उलट्या बाजूला ढकलणं सोपं नाही. शिवाय स्लगर हलके टोले मारू लागला की समोरचा संघ खूशच होतो. त्यांना हेच हवं असतं. त्याने एका बेसवर समाधान मानावं आणि होम रनचा नाद सोडावा.

दुसरा उपाय होता, नुसता बघत उभा राहू नकोस, बॅट फिरव. डेव्हिस तिसऱ्या स्ट्राइकला बऱ्याचदा बॅट न हलवताच बाद व्हायचा. लोकांचा सगळ्यात जास्त संताप याच्यावर. ही तक्रार रास्त होती. पण चेंडूचा अंदाज यायला उशीर होतोय म्हणून माणूस थांबतो. अंदाज का चुकतो हा खरा प्रश्न, आणि दरम्यान पिचर लोकांचा वेग वर्षागणिक वाढत होता.

तिसरा उपाय होता, विश्रांती द्या. तीही दिली. जून २०१८ मध्ये व्यवस्थापक बक शोवॉल्टर यांनी त्याला आठ सामने बाहेर ठेवलं. सरावाला सोबत कोण, तर ज्याचा विक्रम त्याने मोडला होता तो ब्रेडी अँडरसन, जो आता क्लबचा मोठा अधिकारी होता. म्हणजे हॉजेसला मिळालं ते सगळं डेव्हिसलाही मिळालं. बाकडं मिळालं, जाणता माणूस मिळाला. आणि फिल्म तर आता प्रत्येक चेंडूची, पाच कोनांतून. पण पाय सरकतोय असं एका ओळीत सांगता येईल असा दोष त्यातून निघाला नाही.

चौथा उपाय होता, खालच्या लीगमध्ये पाठवा. नियमाने पाच वर्षं सेवा झालेल्या खेळाडूला त्याच्या संमतीशिवाय खाली पाठवता येत नाही. पाचवा उपाय होता, हाकलून द्या. हाकललं तरी कराराचे सगळे पैसे द्यावेच लागतात. बेसबॉलमध्ये सही झाली म्हणजे झाली. मग क्लबने विचार केला, पैसे द्यायचेच आहेत तर खेळवूया. आपल्याकडे नाही का, खर्च झालाय म्हणून बंद पडलेली योजना चालू ठेवतात, तसंच.

आशा धरणाऱ्यांकडे एक उदाहरण होतं. शिकागो व्हाइट सॉक्सच्या अ‍ॅडम डनची सरासरी २०११ मध्ये .१५९ होती, डेव्हिसहून वाईट. फक्त काही संधी कमी पडल्या म्हणून त्याचं नाव नीचांकात लागलं नाही. आणि पुढच्याच वर्षी त्याने ४१ होम रन मारले. म्हणजे आशा वेडी नव्हती. पण डनला झालं होतं ते रूथच्या १९२५ सारखं. डेव्हिसचं चाललं होतं ते १९३५ सारखं.

२०१८ च्या १४ सप्टेंबरनंतर त्याला हिट मिळालाच नाही. हंगाम संपेपर्यंत २१ संधी कोऱ्या. हॉजेसइतक्याच, योगायोग बघा. २०१९ चा हंगाम सुरू झाला आणि कोरी पाटी तशीच. घरच्या मैदानावरच्या पहिल्याच सामन्यात त्याची हुर्यो उडाली. त्याच्या जागी दुसऱ्याला बॅटिंगला पाठवलं तेव्हा लोकांनी त्या बदलाला टाळ्या वाजवल्या. ८ एप्रिलला त्याने सलग ४७ वी संधी रिकामी घालवली आणि युजेनिओ वेलेझचा ४६ चा विक्रम मोडला. ४८, ४९, ५०. आकडा ५४ वर पोचला. त्या दिवसांत देशभर लोक त्याचा सामना बघत होते ते आजही हिट नाही ना, हे बघायला.

१३ एप्रिल २०१९. पुन्हा तेच फेनवे पार्क, जिथे सात वर्षांपूर्वी त्याने पिचर होऊन सामना जिंकून दिला होता. पहिल्याच डावात रिक पोर्सेलोचा चेंडू त्याने उजवीकडे मारला. शिफ्ट होती, तरी चेंडू पार झाला. दोन धावा आल्या. पहिल्या बेसवर उभा राहून तो हसत होता आणि डगआऊटमध्ये सहकारी जग जिंकल्यासारखे नाचत होते. त्या दिवशी त्याला तीन हिट मिळाले.

त्याच सुमारास बोस्टनमध्ये त्याच्या हातात एक चिठ्ठी आली होती. लिहिणारा नऊ वर्षांचा मुलगा, तोही समोरच्या संघाचा पाठीराखा. त्याने लिहिलं होतं ते एवढंच, की तू बेसबॉल कसा खेळतोस याचा तू माणूस म्हणून किती चांगला आहेस याच्याशी काही संबंध नाही, हार मानू नकोस. ब्रुकलिनच्या फादरनंतर ६६ वर्षांनी कुणीतरी पुन्हा तेच केलं होतं.

इथे गोष्ट संपली असती तर सिनेमा झाला असता. पण १३ एप्रिलचे तीन हिट म्हणजे रूथचे पिट्सबर्गमधले तीन होम रन निघाले. २०१९ ची सरासरी शेवटी .१७९. करोनाच्या २०२० मध्ये १६ सामन्यांत .११५, तेही रिकाम्या स्टँडसमोर. हुर्यो उडवायला कुणी नव्हतं, तरी बॅट चालली नाही. मे २०२१ मध्ये डाव्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि ऑगस्टमध्ये ३५ व्या वर्षी त्याने खेळ सोडला. करारातलं एक वर्ष तेव्हाही शिल्लक होतं. एकूण २९५ होम रन. आणि २०२३ पासून बेसबॉलने शिफ्टवर बंदी घातली. ज्या मांडणीने त्याची अर्धी कारकीर्द खाल्ली ती तो गेल्यावर दीड वर्षात नियमाबाहेर गेली.

आणखी एक नोंद. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये, म्हणजे ज्या वर्षी घरच्या मैदानावर त्याची हुर्यो उडाली त्याच वर्षी, डेव्हिस आणि त्याच्या बायकोने मेरीलंड विद्यापीठाच्या मुलांच्या हॉस्पिटलला ३० लाख डॉलर दिले, जन्मतः हृदयदोष असलेल्या मुलांच्या उपचारांसाठी. हॉस्पिटल बाल्टिमोरमध्येच आहे.

आता मला काय म्हणायचंय ते सांगतो. लोकांनी बोलू नये असं मी म्हणत नाही. तिकीट काढलंय, बोलणारच. बाल्टिमोरच्या माणसाचा रागही खोटा नव्हता. संघ बुडत होता आणि चांगले खेळाडू विकले जात होते. पण राग गेला कुणावर? रोज संध्याकाळी बॅट घेऊन समोर उभा राहणाऱ्यावर. तिशीच्या फटकेबाजाला सात वर्षांचा कागद देणारे, तो उतरणार हे माहीत असून सही करणारे वर काचेआड बसले होते. त्यांची कुणी हुर्यो उडवली नाही, कारण ते मैदानात दिसत नव्हते. डेव्हिसने पैसे मागितले यात गुन्हा नाही. समोर ठेवलेला एवढा कागद तुम्ही-आम्ही नाकारला असता का?

बातम्यांच्या निमित्ताने मी गावोगाव फिरतो. हेच चित्र सगळीकडे दिसतं. पाणी आलं नाही की आपण व्हॉल्व्ह सोडणाऱ्या माणसाच्या अंगावर जातो. रस्ता खचला की रोलरवाल्याला शिव्या देतो. टेंडर कुणी काढलं, अंदाजपत्रकावर सही कुणाची, हे विचारायला जावं लागतं, अर्ज करावा लागतो, वेळ मोडावा लागतो. समोर दिसणाऱ्या माणसावर ओरडायला काही लागत नाही.

आणि दुसरं. माणूस घसरलाय की संपलाय, हे बाहेरून कळत नाही. स्टँडमधून बॅट दिसते, खुबा दिसत नाही. घसरला असेल तर त्याला वेळ लागतो आणि हुर्योने तो वेळ मिळत नाही. संपला असेल तर हुर्योने काहीच परत येत नाही. म्हणजे दोन्हीकडून हिशोब केला तरी हुर्योचा उपयोग शून्य. प्रार्थना, चिठ्ठी, गप्प बसणं, यांचा निदान तोटा तरी नाही.

कोहलीच्या त्या तीन वर्षांत तुम्ही टपरीवर काय सल्ला देत होता, तो कमेंटमध्ये खरा खरा लिहा. आणि आपल्या तालुक्यातला एखादा जुना गाजलेला खेळाडू, पैलवान, कबड्डीपटू आज कुठे आहे, कुणी त्याची विचारपूस करतं का, हेही लिहा. दहाबारा नावं जमली तर त्यांच्यावर एक मालिका करायचा विचार आहे.